पेजेत घातलेली साखर

लढाई संपली होती, तरी साखर अजून रेशनवरच मिळत होती. आमच्या वाट्याला आलेली सगळी साखर मी बायकोच्या पेजेत घालत होतो, आणि ती पेज तिच्या ओठांवरून परत येत होती. लांबलेल्या तापाने ती अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण अन्न जाईना. आगाशीचे वैद्य शेवटचे येऊन गेले तेव्हा दारात उभं राहून म्हणाले, "औषधाचं काम झालं. आता पोटात अन्न गेलं तर ती उठेल, नाहीतर माझ्या हातात काही नाही." त्यापुढेही ते काही बोलले. माझं लक्ष नव्हतं. ती माझ्यामुळे आजारी पडली, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. केळी वाळवून सुकेळी करायच्या हंगामात अंगात कणकण असताना ती राजेळी केळी सोलत बसली होती, आणि मी म्हटलं होतं, "एवढा माल उन्हात पडू दे, मग नीज."

त्या टोचणीपायी मी तळ्याकाठच्या शंकराला नवस बोललो. तिला भरवताना तुझं नाम मोठ्याने घेईन आणि वाटी खाली ठेवीपर्यंत ते तुटू देणार नाही, असा. तो मी पाळत होतो. दोन्ही वेळा तिच्या उशाशी बसायचो, डोळे मिटून नाम सुरू करायचो आणि चमचा पुढे करायचो. मधूनच डोळे उघडले तर तिचे ओठ हलताना दिसायचे. तीही नाम घेते आहे असं वाटून मला बरं वाटायचं. मग ती तोंड फिरवायची. मी उठायचो आणि वाडीत जाऊन तेच नाम पुढे चालू ठेवायचो. खरं सांगायचं तर नाम फक्त जिभेवर होतं. आत सारखं एकच चाललेलं असायचं, ही गेली तर मी काय करू.

एका दुपारी अवेळी आभाळ भरून आलं. अंगणात बांबूच्या माचीवर, चटयांवर केळी वाळत होती. सुकेळ्यांना पाण्याचा थेंबही लागून चालत नाही, बुरशी धरते. मी एकटाच टोपल्या घेऊन धावलो. तेवढ्यात अर्नाळ्याच्या बाजूने येणारा एक म्हातारा रस्त्यावर थांबला. कोळी असावा, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता. काही न विचारता तो आत आला आणि माझ्यासोबत केळी उचलू लागला.

मी नाम पुटपुटत भराभर ओंजळी भरत होतो आणि घाईत केळी खाली वाळूत सांडत होतो. तो एकेक केळं उचलून टोपलीत ठेवत होता. मला राहवलं नाही.

"बाबा, जरा हात चालवा!"

"हात चालतोय माझा. तुमचाच सांडतोय," तो हसून म्हणाला. "तोंड देवाकडं, हात केळ्यात नि डोळे घराकडं. तिघं तीन वाटांनी गेल्यावर केळ्यांनी काय करायचं? घरात कोन हाय?"

"बायको. आजारी आहे. खात नाही."

"काय म्हनते ती?"

"काही म्हणत नाही," असं माझ्या तोंडात आलं होतं. पण ती काही म्हणते की नाही, हे मला माहीतच नव्हतं. तिचे ओठ हलताना मी इतक्यांदा पाहिले होते. माझं नाम तिथेच थांबलं. उरलेली केळी मी त्याच्यासारखीच, एकेक करून उचलली. आश्चर्य म्हणजे ती पाऊस येण्याआधी उरकली. म्हाताऱ्याने तांब्याभर पाणी घेतलं, "बघा बायकोला," म्हणाला आणि निघून गेला.

मी पेज घेऊन आत गेलो. उशाशी बसलो, पण नाम घेतलं नाही. नवस मोडतो आहे याची भीती वाटत होती. तरी डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. तिचे ओठ हलले. मी वाकलो.

"अहो, मीठ."

"काय?"

"मीठ घाला हो त्यात. गोड देऊन देऊन जीव नकोसा केलात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगते. पण तुमचं नाम चाललेलं. देवाचं नाव मधेच कसं तोडू? हळूच बोलते, म्हटलं ऐकू गेलं तर गेलं. आणि नाम थांबेपर्यंत तुम्ही वाटी उचलून बाहेर." ती दमली, थांबली. मग म्हणाली, "वैद्यबुवा दारातच म्हणाले होते, तापातलं पथ्य संपलं, आता मीठ चालेल. मी आतून ऐकलं. तुम्ही तर समोर उभे होतात."

आमच्याकडे मिठाला काय तोटा! मिठागरं हाकेच्या अंतरावर, घरात मडकं भरलेलं. मी बिनसाखरेची पेज वाढून आणली आणि चिमूटभर मीठ घातलं. ती सावकाश खात राहिली. अर्धी वाटी संपल्यावर म्हणाली, "लिंबाची फोड आहे का हो एखादी?" तेव्हा मला रडू आलं. त्या दिवसापासून तिला अन्न जाऊ लागलं आणि पुढे ती हिंडूफिरू लागली.

देव कोळ्याच्या रूपाने आला, असं मी म्हणत नाही. तो म्हातारा मला नंतर आगाशीच्या बाजारात दिसला. मी पाया पडलो तर गोंधळला. त्याला माझी ओळखही नव्हती. पण त्या दुपारी त्याला आमच्या दारावरून कुणी नेलं, हे मी ज्याचं त्याच्यावर सोपवलं आहे. तळ्याकाठी जाऊन मोडलेल्या नवसाची क्षमा मागायला बसलो, तेव्हा मनात टोचणी अशी उरलीच नव्हती. देवाच्या पायी सगळं ठेवायचं म्हणतो आपण. मी मात्र तोपर्यंत माझा आवाजच तेवढा ठेवला होता, कान माझ्याजवळच राखले होते.

आता सुकेळी उलटायला बसतो तेव्हा एका केळ्याला एक नाम घेतो, हातातल्या केळ्याकडे बघत. मन पळतं, पळालं की पुढच्या केळ्यावर परत आणतो. मधेच घरातून ती "अहो" म्हणून हाक मारते. मी नाम तिथेच तोडतो आणि आधी तिला ओ देतो.