पहिलं वर्ष नव्या कॅम्पसला

परभणीहून मी पहिल्यांदा निघाले ती लॉ करायला. बारावी झाली होती, पाच वर्षांच्या कोर्सला नाव लागलं होतं. आण्णा एका हातात माझी वळकटी आणि दुसऱ्या हातात फाइल घेऊन एसटीत पुढे चढले. मायनं धपाटे बांधून दिले होते. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं परत आलो.

झालं एवढंच, की कॉलेजनं उन्हाळ्यात कॅम्पसची पुनर्रचना केली होती. शहरातली जुनी इमारत मॅनेजमेंटच्या वर्गांना दिली, वरच्या वर्षांना तिथेच एका मजल्यावर बसवलं आणि नव्यानं येणाऱ्यांना शहराबाहेर, नव्या कॅम्पसला पाठवलं. तिथे वर्ग होते. मुलींचं वसतिगृह पायापर्यंत आलं होतं. प्रभारी प्राचार्य म्हणाले, "दिवाळीपर्यंत होऊन जाईल, विश्वास ठेवा." सरांना लेखी द्या असं कसं म्हणायचं, म्हणून आण्णांनी हात जोडले. "दिवाळीनंतर येऊ," मला म्हणाले. दिवाळीत माझं लग्न ठरलं.

दुसऱ्यांदा निघाले ती थेट दोह्याला. अल नस्रमधल्या दोन खोल्या, नवऱ्याची बांधकामाची साइट, आणि पुढे मलाही एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत कागदपत्रांचं काम मिळालं. आमच्याकडे तोंडी बोलणं धरत नाहीत. मीटिंगमध्ये कुणी काही कबूल केलं की 'आपल्या बोलण्याप्रमाणे' असं लिहून मी लगेच मेल टाकते आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडत नाही. ऑफिसात सगळे मला टरकून असतात. शिस्तीची बाई म्हणतात. राग आहे तो, पण तिथे त्याला चांगलं नाव मिळालंय.

घरचे फोनवर म्हणतात, जुनं कशाला उकरून काढतेस, सुखात आहेस की. आहे सुखात. म्हणून काय विसरायचं?

यंदा एका शुक्रवारी दुपारी अल मुंतझातल्या एका हॉलमध्ये ते आले. तेच प्रभारी प्राचार्य, आता संचालक, केस पांढरे. इथल्या आपल्या मुलांनी भारतात येऊन लॉ करावं हे सांगायला आले होते. शाल-श्रीफळ माझ्याच हातून द्यायचं इथल्या मराठी मंडळानं ठरवलं होतं. मी दिलं. त्यांनी मला ओळखलं नाही.

पुढच्या रांगेत कदम बसले होते, इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात फोरमन आहेत. शेजारी त्यांची मुलगी मृण्मयी, भरलेला फॉर्म मांडीवर. संचालक म्हणाले, पुनर्रचना चालू आहे, यंदाचं पहिलं वर्ष आणखी एका नव्या कॅम्पसला बसेल. पडद्यावर होऊ घातलेल्या इमारतीची चित्रं आली. अशी चित्रं मी रोज बघते. त्यांत झाडं आधी मोठी होतात, इमारत मागून येते.

मी उभी राहिले. "सर, मुलींच्या वसतिगृहाचं भोगवटा प्रमाणपत्र आलंय का?"

"अहो ताई, जूनपर्यंत इन्शाल्ला होऊन जाईल," ते हसून म्हणाले. बाकी कुणी हसलं नाही. तिथला अर्धा हॉल कुठल्या ना कुठल्या साइटवर अशाच जूनची वाट बघत होता.

मी दोन ओळी टाइप करून नेल्या होत्या. पहिलं वर्ष कुठल्या इमारतीत बसेल, आणि पहिल्या दिवशी वसतिगृह राहण्याजोगं असेल. "सही करा," म्हटलं. त्यांनी कागद वाचला, खिशातलं पेन चाचपलं, तिथेच राहू दिलं.

"असं लेखी कुठे मागतात का? विश्वास ठेवावा लागतो."

"माझ्या वडिलांनी ठेवला होता," मी म्हणाले आणि गाव, वर्ष, वळकटी, सगळं माइकवर सांगितलं. लोक चहाला उठले ते परत बसलेच नाहीत. खांद्यावर शाल घेऊन ते रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे होते. मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कदमांचा फोन आला. "ताई, डोळं उघडलं तुम्ही. आता पोरीला तिकडं धाडतच नाही. हितंच ऑनलाइन कायतरी करंल." मागून मृण्मयी रडत ओरडली, "मावशी, व्हाय डिड यू डू धिस टू मी?"

त्या माणसानं माझं जे केलं, तेच मी या पोरीचं केलं होतं. सूड पुरा करायचा तर ती वकील व्हायला हवी होती.

कदमांना म्हटलं, "दादा, ते कॉलेज खलास. दुसरी आहेत. जूनमध्ये मी तिला घेऊन जाते. वसतिगृहाला पाणी आहे का, दाराला कडी आहे का, स्वतः बघते."

ते म्हणाले, "लेखी घ्याल न्हवं?"

माझी सुट्टी दोन आठवड्यांची. ती मृण्मयीला पोचवण्यातच जाणार, हे मायला सांगितलं तेव्हा ती रुसली. "मंग घरी येनारच नाहीस का बाई?" फोन स्पीकरवर होता, शेजारी आण्णा ऐकत होते. ऐकू दे म्हटलं.

"माय, मला अर्ध्या वाटेवरून परत आणून बसवलं, तेच ते घर," मी म्हणाले. "तिथे यायची मला घाई नाही. आधी ही पोर पोचू दे."