डिस्ट्रिब्युटरवरची लाल रेघ

आयर्लंडमधल्या शॅननच्या एका कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनतात, तिथल्या यंत्रांची मी देखभाल करतो. तिथला पहिला नियम: कुठलाही भाग जोडायच्या आधी लख्ख पुसायचा. घरी भांड्यांना हा नियम मी लावत नाही, अशी बायकोची तक्रार आहे. लावला तो नेमका शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला.

शेजारी म्हणजे ऐंशीच्या पुढचे म्हातारबा. मी डॉक्टर नाही हे चार वर्षं सांगूनही मला डॉक्टरच म्हणतात. ट्रॅक्टर त्यांच्याहून थोडाच लहान. इकडे ट्रॅक्टरांच्या स्पर्धा होतात, त्यांत त्याला लोखंडी घसरगाडी जोडतात. ती ओढत नेताना तिच्यावरचं वजन पुढे पुढे सरकतं आणि शेवटी ट्रॅक्टर जागीच अडतो. जो सगळ्यांत लांब जाईल तो जिंकला. त्यांची बायको वारल्यापासून म्हातारबा मैदानात उतरले नव्हते. या सप्टेंबरात एकदा, शेवटचं, ओढायचं म्हणाले. हात थरथरतात, म्हणून इंजिन उघडायला मी.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा भाग, मी काढला आणि ॲसिटोनने पुसला. इंजिनावरची त्याची बैठकही पुसली. दोन्हींवर लाल रंगाचा जुनाट डाग होता, तोही घालवला. म्हातारबा चहा घेऊन आले तेव्हा मी शाबासकीची वाट बघत उभा.

कप बाजूला ठेवून त्यांनी त्या चकचकीत लोखंडावर बोट फिरवलं. मग सांगू लागले. स्पर्धेसाठी ठिणगी पुस्तकात दिलंय त्याच्या जराशी आधी पाडावी लागते. किती, ते त्यांना कधीच जमलं नाही, बायकोला कळायचं. म्हातारबा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचे, त्या डोळे मिटून आवाज ऐकायच्या आणि जमला की हात वर करायच्या. एका वर्षी आवाज असा काही बसला, की त्यांनी स्वतःच्या नेलपॉलिशने डिस्ट्रिब्युटर आणि बैठक दोन्हींवरून आडवी रेघ ओढली आणि आता याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. आज म्हातारबांना स्वतःला धड ऐकू येत नाही.

मी पुस्तकाप्रमाणे ठिणगीचं टायमिंग लावलं, दुसरं येत काय होतं? स्पर्धेच्या दिवशी अर्ध्या मैदानातच इंजिनाचा दम संपला. म्हातारबा जपून खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "ग्रँड." म्हणजे इकडच्या बोलीत, ठीक आहे, चालायचंच.

पुढच्या रविवारी मी माझ्या बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन गेलो. म्हटलं, "तुम्ही फिरवा, मी ऐकतो. नव्याने रेघ मारू."

त्यांनी बाटली उघडली, हुंगली, आणि परत हुंगली.

"तुला तो आवाज कुठे ठाऊक आहे, डॉक्टर?"

ट्रॅक्टरवर त्यांनी ताडपत्री ओढली, मीही एका बाजूने धरली.

बाटली काही त्यांनी परत दिली नाही. बायकोने दोनदा विचारलंय. हरवली म्हणून सांगितलं.