कोरी तीन वर्षं

अर्जात तीन वर्षं कोरी होती. मी विचारलं तेव्हा परशराम म्हणाला, "हिंडलग्यात हुतो, सर. गावात न्हाय, जेलात. भावकीच्या मारामारीत सजा लागल्ती."

मी पिरनवाडीजवळच्या एका फाउंड्रीत एचआर होतो. म्हणजे माणसं घेणं, काढणं आणि वाढदिवसाला केक आणणं. फाउंड्रीत लोखंड ओतून पार्ट बनवतात. त्यावरचं जादा लोखंड घासून काढतात, त्याला फेटलिंग म्हणतात. परशरामची सकाळी ट्रायल घेतली. हात लई साफ.

मालक म्हणाले, "घ्या. पण रेकॉर्डला गोव्याला होता म्हणून लिहा. उगाच चर्चा नको."

हेच मालक. गेटवर 'इथं सगळे एका घरचे' हा बोर्ड त्यांनीच लावलेला.

परशरामला निरोप सांगितला. तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्यानं विचारलं, "पैल्या दिवशी जेवताना काय करतासा हितं?"

आमच्याकडे नव्या माणसाचा डबा मध्ये उघडायचा, सगळ्यांनी घास घ्यायचा आणि गाव, गल्ली, पाहुणे-रावळे सगळं विचारून घ्यायचं, अशी रीत होती. मी ती कौतुकानं सांगितली.

"मग गोव्याचं काय सांगू? कुठली कंपनी, कुणाकडं ऱ्हायलतास? रोज नवं खोटं. आत निदान सगळ्यास्नी ठाऊक तरी हुतं." मग म्हणाला, "हितं कोण खरं सांगून टिकलाय? एक नाव सांगा सर. आत्ता सही करतो."

मला फिट येतात. नोकरीला लागताना मी ते लपवलं होतं. गोळ्या कुणाला दिसू नयेत म्हणून अकरा वर्षं केबिनचं दार लावून एकटा जेवत होतो. विचारलं की सांगायचो, ॲसिडिटी आहे, पथ्य आहे. त्या क्षणी तरी त्याला खरं सांगायला हवं होतं. मी नुसतं पेन त्याच्यापुढं सरकवलं.

"बरं, येतो सर," म्हणत त्यानं पायाशी ठेवलेला डबा उचलला. घरून थोरल्या बहिणीनं, आक्कानं भरून दिलेला, न उघडलेला.

पुढं तो हिंडलग्यातच, या वेळी गावात, एका वेल्डिंगच्या दुकानात लागला. तिथं सगळ्यांना सगळं माहीत आहे.

एचआर उमेदवाराचा रेफरन्स तपासतो. कंपनीचा रेफरन्स मागणारा मला तो एकच भेटला, आणि मी तो देऊ शकलो नाही.

गेल्या वर्षी रिटायर झालो. निरोपाला तांबड्या रश्श्याचं जेवण होतं. पंगतीत पहिल्यांदाच बसलो. पोरांनी माझ्या ॲसिडिटीची आठवण ठेवून मला वेगळा दहीभात वाढला.