आधी नारळ, मग जीप

माझ्या शर्टाच्या खिशात बत्तीस कलमांची यादी होती. जुनी गाडी घेताना काय काय बघायचं, हे ऑफिसातल्या तिघांना विचारून मी ती फुलस्केप कागदावर उतरवून घेतली होती. मी साधी भेंडी घेतानाही टोक मोडून बघणारा माणूस. त्यात ही जीप माझ्यापेक्षा थोडीच लहान होती.

जीप हवी होती ती बाबांसाठी. मिलमधून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पुढे काठी घेऊन चालायला लागले, पण डावा पाय ओढतच. आमचं गावचं घर एका उभ्या घाटीच्या पायथ्याशी. एस्टी वर सडकेवर सोडते, तिथून खाली दीड मैल नुसता दगडगोट्यांचा उतार. एकदा टॅक्सी करून नेलं, तर ड्रायव्हरने वरूनच खाली बघितलं आणि गाडी वळवली. मग काकांचं पत्र आलं, की दादाला खुर्चीत बसवून आम्ही चौघं उचलून खाली आणतो. बाबांनी पत्राची घडी घातली. "चौगांनी उचलूची येळ येतली तेवा येतली," ते म्हणाले, "आत्ताच कित्याक?" त्यानंतर तीन वर्षं त्यांनी गावाचं नाव काढलं नाही. मला त्यांच्या आजारापेक्षा त्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटायची. ती घाटी उतरायची आणि चढायची तर चारही चाकांनी ओढणारी, फोर व्हीलची जीपच हवी, हे मला माझ्या मित्राने सांगितलं. त्याचं मालाडला गॅरेज होतं, आणि मढला एक जीप विकायला आहे ही बातमीही त्यानेच आणली.

त्या रविवारी मी आणि मित्र स्कूटरवरून निघालो. आई-बाबा मागून रिक्षाने. बाबांना नेऊ नये असं माझं मत होतं, पण आईने ते उडवून लावलं. "बसायचं कोणी? त्यांनी. मग त्यांना न दाखवता घेणार होय?"

जीपचे मालक म्हणजे हाफ पँट घातलेले एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ. त्यांना सगळा गाव अंकल म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणालो. आसपासच्या बंगल्यांत शूटिंग असलं की त्यांची जीप भाड्याने जायची. सध्या ती पोलिसांची होती. मित्राने दाराशी नखाने जरा खरवडलं तर निळ्याखाली हिरवा निघाला आणि हिरव्याखाली खाकी. "पोलीस, मिलिटरी, डाकू," अंकल म्हणाले, "सगळे बसलेत हिच्यात."

बाबा व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले. मित्र पोत्यावर पाठ टेकून जीपखाली सरकला आणि मी यादी काढली. तेल गळतं का, धूर कोणत्या रंगाचा येतो, स्टिअरिंग किती ढिलं आहे. माझं सतरावं कलम चालू असताना पुढून फाटकन आवाज आला. आई बंपरपाशी उभी होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारही चाकांखाली एकेक लिंबू आणि आईच्या हातात नारळाच्या दोन वाट्या.

"अगं, अजून घेतलेली नाही," मी म्हणालो.

"घेणारच आहेस ना? परत साडेचारला राहुकाळ लागेल."

अंकलनी तेवढ्यात घरात जाऊन किल्ली आणि कागदपत्रं आणली, माझा हात हातात घेऊन हलवला. "नारळ फुटला म्हंजे गाडी तुमची झाली. मी बी आता दुसऱ्याला देनार नाय." आई सर्वांना खोबरं वाटायला लागली. मी सतराव्या कलमावर बोट ठेवून तसाच उभा.

मित्र जीपखालून बाहेर आला तो गंभीर चेहऱ्याने. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वाट लागली रे. पुढचा शाफ्टच नाही."

इंजिनची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा तो लोखंडी दांडा असतो. तो नसेल तर फोर व्हीलचा गिअर नुसता शोभेचा, आणि आमच्या घाटीत या जीपचा उपयोग त्या टॅक्सीइतकाच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अंकलवर ओरडता येईना, म्हणून मी आईवर ओरडलो. सगळ्यांसमोर, अंगणात. पुढचा शाफ्टच नाही, बघायच्या आधी नारळ फोडायची घाई कोणी सांगितली होती, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "नारळ नासका निघाला नाही. मग गाडी कशी नासकी निघेल?"

व्हरांड्यात बाबांनी काठी उचलली आणि उभे राहिले. "नाय तर नाय," ते म्हणाले. "चला घराक." आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच टायरकडे बघत राहिलो.

अंकल कपाळाला हात लावून उभे होते. "शाफ्ट मीच काडला," ते म्हणाले. "किती वर्सं झाली. शूटिंगला कशाला पायजे? पेट्रोल खाते फुकट." मग ते मागच्या शेडमध्ये गेले. आतून जाळी ओढल्याचे, डबे पडल्याचे आवाज येत राहिले. खाऱ्या हवेत इतकी वर्षं पडलेलं लोखंड कसलं उरतंय, असं मित्र हळूच म्हणाला. पंधरा-वीस मिनिटांनी अंकल पोत्यात गुंडाळलेलं एक लांबडं धूड ओढत बाहेर आले. मित्राने सुतळी कापली. आत बोटभर जाड ग्रीस थापलेलं होतं. फडक्याने ते पुसून त्याने दोन्ही टोकांचे सांधे फिरवून बघितले, पुन्हा फिरवले.

"झकास," तो म्हणाला, आणि माझ्या जिवात जीव आला.

शाफ्ट बसवायला तासभर लागला. मग बाबा जीपपाशी आले. मी हात पुढे केला तर त्यांनी काठीनेच तो बाजूला सारला. उजव्या हाताने काचेची चौकट धरली, उजवा पाय वर ठेवला आणि डावा मागाहून उचलून आत घेतला. खूप वेळ लागला. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो.

गावाबाहेर किनाऱ्याला उतरणारी एक वाट होती, खाली भुसभुशीत वाळू. मी मुद्दाम जीप त्यात घातली. मागची चाकं जागच्या जागी फिरून रुतली आणि माझी पाचावर धारण बसली. बाहेर उभा असलेला मित्र ओरडला, "अरे दांडा ओढ, यार!" मी गिअरशेजारचा फोर व्हीलचा आखूड दांडा ओढला, क्लच हळूहळू सोडला. जीपला एक हिसका बसला. मग पुढच्या चाकांनी वाळू धरली आणि ती घुरघुरत, जराही न घसरता तो चढ चढून वर आली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वर आल्यावर मी इंजिन बंद केलं. बाबा समोर बघत होते. तसेच, मान न वळवता, मागे बसलेल्या आईला म्हणाले, "गावाक कळव. घर झाडून ठेवा म्हणून सांग."

"कळवन आठ दिस झाले," आई म्हणाली.