साखळीतला माझा तास

त्या शनिवारी मी देवाकडे एकच गोष्ट मागायला गेले होते. मला आता मोकळं कर, एवढंच. बाकी सगळ्यांची समजूत अशी होती की मी चर्चच्या भवितव्यासाठी प्रार्थना करायला निघालेय.

पाथरीतलं आमचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार खिडक्या आणि मागच्या भिंतीला गेलेला तडा. जमीन काळी. उन्हाळ्यात ती फाटते आणि तिच्याबरोबर भिंतही, इतकी की तड्यातून बाहेरची बाभळ दिसते. पावसाळ्यात जमीन फुगली की तडा बुजल्यासारखा दिसतो आणि भिंतीचा विषय पुढच्या उन्हाळ्यावर जातो. रविवारी उपासनेला येणारी माणसं एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसतील एवढीच. दिवाळीनंतर त्यातली निम्मी ऊसतोडीला जातात आणि मागे राहिलेल्यांत गीताला सूर धरणारं कुणी उरत नाही. मग मी धरते. मला सूर नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही.

चर्चची किल्ली माझ्याकडे असते. पूर्वी ती सासऱ्यांकडे होती, मग आमच्या ह्यांच्याकडे, आणि हे गेल्यावर कुणी काही न विचारता ती माझ्या पर्समध्ये येऊन पडली. किल्ली असणं म्हणजे काय, ते जिच्याकडे असते तिलाच कळतं. शनिवारी झाडायचं, चिमण्यांनी केलेली घाण पुसायची, माठ भरायचा, पाळकसाहेब येणार आहेत ना याची फोन करून खात्री करायची, ज्या बायका बरेच रविवार दिसल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन यायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, हजेरी घेणं संपलं. कुठलं संपतंय! गुडघे गेले आहेत. चर्चची पायरी चढताना चौकट धरावी लागते. पुण्यात मुलानं माझ्यासाठी एक खोली ठेवली आहे. तूर्त तिच्यात नातीची सायकल आणि इस्त्री करायचे कपडे राहतात. दर फोनला तो विचारतो, "आई, काय ठरलं?" आणि मी दर वेळी म्हणते, "चर्चचं एकदा काय ते ठरू दे."

मग ठरवायची वेळ खरंच आली. वरच्या कचेरीतून निरोप आला की लहान मंडळ्यांनी, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या चर्चांनी, आपापल्या भवितव्याचा आराखडा द्यावा. एकतर नवी इमारत बांधून स्वतःच्या पायावर उभं राहावं, नाहीतर परभणीच्या मोठ्या मंडळीत सामील व्हावं. मला आतल्या आत इतकं हायसं वाटलं की मी तोंडावर पदर घेतला.

बैठकीत आमचे जुने पंच उभे राहिले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, आणि हातात घरीच आखून आणलेला नकाशा. दोन मजले. वर चर्च, खाली लग्नाचा हॉल. लग्नं कुणाची लावायची, हे मी विचारलं नाही. आमची सगळी पोरं पुण्याला आणि वाळूजला, लग्नंही तिकडेच करतात. दुसऱ्या बाजूला एक काकू होत्या, त्यांची लेक परभणीला दिलेली. त्यांचं म्हणणं, परभणीलाच जावं, तिथं पंखे आहेत. बाकीचे कुणी इकडे, कुणी तिकडे. मी मनानं परभणीच्या बाजूची, पण ते तोंडानं म्हणायची माझी छाती होईना. या भिंतीचे दगड सासऱ्यांनी बैलगाडीतून आणलेले. सून म्हणून मी उठून काय म्हणणार, की पाडा?

पाळकसाहेब माझ्या मुलाहून लहान. मोटारसायकलवर तीन गावं सांभाळतात आणि नेहमी झोप अपुरी झालेल्या माणसासारखे दिसतात. सगळ्यांचं ऐकून घेऊन ते म्हणाले, "आपली मतं आपण बाजूला ठेवू. देवाला विचारू." मग ठरली साखळी प्रार्थना. म्हणजे शनिवारी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत प्रत्येक घरानं चर्चमध्ये येऊन एकेक तास उपाशीपोटी प्रार्थनेला बसायचं. पुढचा आल्याशिवाय आधीच्यानं उठायचं नाही. साखळी तुटता कामा नये. आणि रविवारी उपासना झाल्यावर ज्याला जे मार्गदर्शन मिळालं असेल ते त्यानं सांगायचं.

पहिला तास माझा. साहजिकच, किल्ली माझ्याकडे.

मी दार उघडलं, झाडलं, वेदीसमोर खुर्ची ठेवली आणि बसले. देवाला सरळ सांगितलं. तुला सगळं माहीत आहे, मी दमलेय. सासऱ्यांनी केलं, ह्यांनी केलं, मीही केलं. आता परभणीचं सगळ्यांच्या मनात घाल आणि मला सोड. एवढं सांगून झालं आणि पुढं बोलायला काही सुचेना. मग मी पत्र्याकडे बघत बसले.

दुसरा तास परभणीवाल्या काकूंचा. त्यांचा फोन आला. "बाई, आज कापूस वेचायला बाया मिळाल्यात, आज न्हाई वेचला तर जाईल. माझा तास तेवढा सांभाळता का? मी रानातच प्रार्थना करते." सांभाळते म्हटलं. तिसरा तास पंचांचा. ते मानवतला कुठल्याशा साखरपुड्याला गेलेले होते. मागून बँडचा आवाज येत होता आणि ते ओरडून सांगत होते, "बाई, साखळी तुटू देऊ नका!" चौथ्या घरी पाहुणे आले होते. पाचव्यानं फोन उचललाच नाही. पुढच्यांचीही अशीच काहीतरी कारणं आली.

मला राग यायला लागला. प्रत्येकाचं कारण खरं होतं, म्हणूनच जास्त आला. खोटं असतं तर निदान बोलता आलं असतं. बाहेर स्टँडवरच्या जीपवाल्यांच्या हाका, आत चिमण्यांची कलकल, आणि मध्ये मी, मंडळीचं भवितव्य एकटी धरून बसलेली. कशाचं भवितव्य? विचारायलासुद्धा जिथं माणूस येत नाही, तिथं दोन मजले कुणासाठी? आणि तरी मी उठले नाही. साखळी तुटू द्यायची नाही असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, आणि मी सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. तोच तर माझा आजार आहे.

समोरच्या किराणा दुकानातली बाई चहा घेऊन आली. तिचा-माझा वर्षानुवर्षांचा घरोबा. उपास आहे म्हटल्यावर तिनं तो स्वतःच घेतला, दारात टेकून.

"काय करायलाव बाई सकाळपासून एकट्याच?"

"देवाला विचारतेय, चर्चचं पुढं काय करायचं."

"मग? काय म्हनला?"

"अजून काही नाही."

"लय लोकं विचारत असतेन हो त्याला," ती म्हणाली. "नंबर येईल की तुमचा." आणि कप घेऊन गिऱ्हाईक बघायला गेली.

दुपारी दारात सावली पडली. मला वाटलं, आलं बाई कुणीतरी. ती मावशी होती. सोनपेठ रस्त्याच्या एका वस्तीवर एकटी राहते, मोलमजुरीत आयुष्य गेलं, कानानं जवळजवळ बहिरी. नवरा गेला, एकुलता मुलगा गेला. दर रविवारी येते. तिचा तास सगळ्यात शेवटचा, दिवस मावळतीचा होता.

"सलाम बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "लवकर आले. मागून जीप घावत न्हाई."

मी तिला खुर्ची दिली. ती घेईना. मागच्या भिंतीला, त्या तड्याच्या अलीकडे पाठ टेकून खाली बसली आणि पाय पसरले. डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. आणि एकदम तिची प्रार्थना सुरू झाली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही, त्यामुळे देवाबरोबर मलाही सगळं ऐकावं लागलं.

"देवा बापा, ह्या लोकाचं काय चालायलंय मला कळंना. कुनी बांधा म्हनतंय, कुनी परभणीला चला म्हनतंय. मला त्यातलं काय बी समजत न्हाई. माझ्या मालकाची माती ह्याच दारातून निघाली. माझ्या लेकाची बी. माझी बी हितूनच निघू दे. तवर हे दार उघडं ठेव. मग तुला काय करायचं ते कर, मी इचारायला येत न्हाई. आन ह्या बाईच्या गुडघ्याला ताकद दे, बापा. किल्ली तिच्यापाशी हाय. आमेन."

मी खुर्चीत ताठ झाले. सकाळपासून त्याच छपराखाली मी देवाच्या मागे लागले होते की मला सोडव, आणि ही म्हातारी त्याला सांगत होती की हिला सोडू नको, हिचे गुडघे बरे कर! माझे गुडघे दुखतात हे मी मंडळीत कुणाला बोलले नव्हते. तिनं चौकट धरताना पाहिलं असणार. खरं सांगते, मला माया वाटली नाही. संताप आला. रडूही आलं, पण आधी संताप.

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "मावशी, परभणीला मोठं चर्च आहे! तिथून छान होईल की सगळं!"

"तिथं मला कोन वळखतंय?" ती म्हणाली. "आन पेटी काय जीपच्या टपावर बांधून न्यायची? जित्तेपनी लय धक्के खाल्ले बाई. मेल्यावर तरी नको."

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. तिच्या तासाला ती जागेवर होती आणि मी होतेच. साखळी तुटली नाही, कारण तिला दोनच कड्या होत्या.

रात्री मावशी माझ्याकडेच राहिली. उपास सुटल्यावर पिठलं, ठेचा आणि ज्वारीच्या भाकरी तिनं माझ्यापेक्षा दुप्पट खाल्ल्या, वर ताक मागून प्यायली, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या घोरायला लागली. जागी राहिले ती मी.

रविवारी उपासना झाली आणि बैठक बसली. एकेक जण उठून मार्गदर्शन सांगू लागला. पंच म्हणाले की आपल्याला अगदी स्पष्ट दिसलं, दोन मजले. साखरपुड्यात दिसलं का, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. काकूंना रानात मन शांत वाटलं, परभणीच. जो चर्चला येण्याआधी जिथं होता, तो देवाला विचारूनही तिथंच होता. मी हसले असते, पण मीही त्यांतलीच. वाटेत येताना मी माझं वाक्य पाठ केलं होतं, शाळा तपासणीला साहेबांपुढे बोलावं तसं. प्रार्थनापूर्वक विचार करता आपण परभणीच्या मंडळीत सामील व्हावं असं मला वाटतं.

पाळकसाहेबांनी डोळे चोळले. "बाई, तुम्ही तर दिवसभर होतात."

मी दाराशी चौकटीला टेकले होते, ती सोडून सरळ उभी राहिले. समोर खाली, त्याच भिंतीला टेकून मावशी बसली होती. तिला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. बोलणाऱ्या प्रत्येकाकडे ती तेवढ्याच भरवशानं मान हलवत होती. माझ्याकडेही हलवली. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

"मला देवाचं काहीच ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "मावशींचं ऐकू आलं." आणि तिनं काय मागितलं ते सांगितलं. गुडघ्यांचं सोडून. "मला आराखडा कळत नाही. पण यांची माती इथून होईपर्यंत हे दार उघडं ठेवावं. भिंतीला बाहेरून टेकू द्यावा. पुढचं पुढं बघता येईल."

काकू पदराशी खेळत राहिल्या. पंचांनी नकाशाची गुंडाळी केली, उलगडली, परत केली. त्यांच्या सासूबाईही याच दारातून गेलेल्या. शेवटी ते म्हणाले, "टेकूचं मी बघतो. पण वर काय कळवायचं? आराखडा म्हटलं की मुदत पाहिजे. किती वर्षं धरायची?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मावशीकडे, मग सगळ्यांनीच मावशीकडे. आपल्याला काहीतरी विचारलंय एवढं तिला कळलं. काकूंनी वाकून तिच्या कानात ओरडून सांगितलं की तुमची माती होईपर्यंत चर्च इथंच राहणार. मावशीनं ते नीट ऐकून घेतलं. चेहरा उजळला. सगळ्यांना हात जोडले.

"चांगलं केलंव," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई."

सगळे हसले. पाळकसाहेब पहिल्यांदाच झोप झालेल्या माणसासारखे दिसले. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

माणसं गेल्यावर मी खिडक्या लावत होते तेव्हा पुण्याहून फोन आला.

"आई, ठरलं का चर्चचं?"

"ठरलं. सोनपेठच्या मावशी आहेत ना, त्या जाईपर्यंत इथंच."

आवाज हळू करून, विचारू नये ते विचारतोय अशा सुरात तो म्हणाला, "कशी आहे गं त्यांची तब्येत?"

मी दारातून बाहेर पाहिलं. मावशी जीप पकडायला निघाली होती, काठीशिवाय, माझ्या दुप्पट वेगानं.

"ठणठणीत," मी म्हटलं, आणि चौकट धरून पायरी उतरले.