शनिवारी मामा येऊन राह्यले

उद्या काय होणार हे अख्ख्या झाडीपट्टीत एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि ते म्हणजे आमचे व्याही. ज्योतिषी नव्हेत ते. जंगल, समुद्र, ज्वालामुखी दाखवणारं ते एक चॅनल आहे ना, त्यावर पुढे काय लागणार हे त्यांना तोंडपाठ. कार्यक्रमापेक्षा 'लवकरच' म्हणून जी जाहिरात येते तिच्यावर त्यांचा जीव. ती लागली की घास हातात तसाच. कुणाच्या तेरवीला गेले तरी मयताच्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवत सांगतील, "सोमवारी मगर हाये बापू, मंगळवारी बर्फ." मी गडचिरोली डेपोत कंडक्टरकी केलेला माणूस, वेळापत्रकावर माझा काडीचा विश्वास नाही, पण यांचं चुकलेलं मी पाहिलं नाही.

हे वेड जुनं नाही. त्यांच्या मुलाला माझी पोरगी दिली तेव्हा त्यांच्या टीव्हीवर टोपली पालथी घातलेली असायची. मग एका उन्हाळ्यात त्या चॅनलची माणसं त्यांच्या गावाजवळच्या जंगलात वाघिणीचं शूटिंग करायला आली. मोहफुलं वेचणाऱ्या बायांचंही त्यांनी चित्रण केलं. आमच्या विहीणबाई मोठ्या हसऱ्या. कॅमेऱ्याकडे मूठभर फुलं फेकून म्हणाल्या, "आमाले काय पाहता? आमी का नाचून राह्यलो?" पुढे तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली आणि त्याच वाघिणीनं विहीणबाईंना नेलं. जाताना शूटिंगवाले हात जोडून म्हणाले, बाई कार्यक्रमात दिसतील. घरात त्यांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा एक, त्यात बाईला कुणी दम देऊन बसवल्यागत वाटतं. हसणाऱ्या विहीणबाई राहिल्या त्या फक्त त्या लोकांच्या कॅमेऱ्यात. तेव्हापासून व्याही जाहिरातींसमोर बसले ते बसलेच.

बरं, माणूस असा की वाघाचं नाव घेणार नाही. जंगलाकाठी कुणीच घेत नाही. नाव घेतलं की तो येतो म्हणतात, म्हणून 'मामा'. एकदा फोन आला, "शनिवारी मामा येऊन राह्यले. आठ वाजता. या." आमच्याकडे धावपळ. लग्नात न दिसलेले यांचे मामा आता कुठून उगवले? बायकोनं सांबारवडी केली, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी हो, मामांसाठी टोपी-दुपट्टा घेतला, आणि आम्ही एसटीत उभ्यानं गेलो. आठ वाजता मामा आले. टीव्हीवर. कुठल्याशा परदेशातल्या बर्फात. ती टोपी शेवटी मलाच घालावी लागली. मी तडकलो. "अहो, ज्यानं घरची बाई नेली त्याला मामा म्हणता? शिव्या घाला की चांगल्या!"

व्याही शांतपणे वडी मोडत म्हणाले, "नाव घेतलं का येते ना तो, भाऊ."

"आता यायचं काय राहिलंय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमची पोरगी जाते ना मोहाले," ते म्हणाले. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बायकोचंही नाव या माणसानं कधी घेतलं नाही. "अवो" आणि "आयकलं का" एवढ्यावर संसार केला. पोरांच्या लग्नात बायांनी उखाण्यासाठी घेरलं, तर हा गृहस्थ स्वयंपाकाकडे पळाला आणि पंगत उठेपर्यंत वरण ढवळत राहिला. विहीणबाई मांडवात पोट धरून हसत होत्या. मलाही त्या नुसत्या विहीणबाईच. पत्रिकेतलं नाव लक्षात कोण ठेवतो?

शेवटी ती जाहिरात आली. आपलं जंगल, आपलं तळं, येत्या शनिवारी. व्याह्यांनी अंगण सारवून घेतलं, टीव्ही बाहेर आणला, सगळं गाव सतरंज्यांवर. हिंदीत एक गोड, भारदस्त आवाज बोलू लागला. वाघिणीचं नाव रानी. पिल्लांची नावं चंदा आणि शेरू. मग मोहाखालच्या बाया, आणि त्यांच्यात विहीणबाई! फुलं फेकली, हसल्या. पण हसणं ऐकू आलं नाही, वरून तो आवाज म्हणाला, "गाँव की एक औरत रानी का शिकार बनी." झालं. पुन्हा रानी, पाण्यात बसलेली.

व्याही उठले आणि टीव्हीपुढे उभे राहिले. "पारबता," ते टीव्हीला म्हणाले. "पारबता नाव हाये तिचं."

"बसा ना भाऊ, दिसून नाई राह्यलं," मागून कुणीतरी म्हणालं.

तसे ते गर्रकन वळले. "वाघाले नाव हाये, पिल्लाइले नाव हाये. माह्या बायकोलेच नाई का? पारबता!"

वाघ म्हणाले ते. म्हाताऱ्यांनी कुंपणाकडे पाहिलं. माझी पोरगी तोंडात पदर कोंबून रडत होती. मला त्या गोड आवाजाचा असा संताप आला की टीव्ही उचलून आपटावासा वाटला, आणि त्याहून जास्त लाज वाटली माझी स्वतःची.

पुढे बरेच दिवस फोन नाही. सुटलं वेड, असं आम्ही समजलो. मग परवा आला.

"भाऊ, मंगळवारी पारबता येऊन राह्यली. दुपारी दोन वाजता. याल ना?"

तोच कार्यक्रम पुन्हा दाखवणार होते. येतो म्हणालो. बायकोला सांगितलं, तर तिनं सांबारची जुडी निवडायला घेतली. मान वर न करता म्हणाली, "मामासाठी टोपी नेली होती. पारबताबाईले लुगडं न्या लागते."