वर ठेवलेला आवाज

आमची आत्या टायपिस्ट. निवृत्त म्हणायची सोय नाही, कारण कचेरी सुटली तरी लोकांचे अर्ज, प्रबंध, मृत्युपत्रं ती टाइप करतच राहिली. फक्त यंत्राच्या जागी कॉम्प्युटर आला. त्याच्या बटणांवरही ती असा हात मारायची की शेजारच्या कपातला चहा हिंदकळावा. "हळू गं, तो बहिरा नाहीये," मी म्हणायचो. "तू तुझं बघ, इंजिनिअर," हे ठरलेलं उत्तर.

तिचं लग्नही टायपिंगनेच जमवलं. कचेरीतली यंत्रं दुरुस्त करायला आतोबा यायचे. वर्षातून दोनदा येणारा माणूस महिन्यातून चारदा येऊ लागला. रिबिनी गुंतायच्या, अक्षरं अडकायची, आणि नेमकी आत्याच्याच यंत्राची. साहेबांना हे उमगायला वर्ष लागलं; बाकी कचेरीला आठवडा पुरला. ते दिवस सांगताना आत्या आजही लाजते, आणि मला ते फार आवडतं.

शेवटची दोन वर्षं आतोबांना दिसत नव्हतं. हात रिकामे झाले तसे ते बोलायला लागले. कुठल्या यंत्राची कुठली स्प्रिंग केव्हा रुसते, अडकलेला 'क्ष' कसा सोडवायचा, सगळं. आत्या ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. एक्केचाळीस फायली झाल्या आणि आतोबा गेले. त्यानंतर तिने एकही ऐकली नाही. "धीर होत नाही रे. होईल तेव्हा ऐकेन," एवढंच म्हणाली.

पुढे कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. खानदानात कॉम्प्युटरवाला मीच, म्हणून एका रविवारी मी गेलो. "याचा काही भरवसा नाही," मी म्हणालो. "सगळं क्लाउडवर ठेवू."

"म्हणजे कुठे?"

"वर," मी म्हणालो, आणि शहाण्यासारखं बोट छताकडे दाखवलं.

तिथेच माती खाल्ली. आमच्या घरात 'वर ठेवणं' म्हणजे माळ्यावर टाकणं. वस्तू वर गेली की खालची जागा मोकळी.

माझ्यापुढे दोन सोयी होत्या. एकीत रोजची प्रत वेगळी साठायची. तुम्ही खाली काही पुसलंत तरी वरचं जुनं तसंच राहायचं. पण ती लावायला अर्धा दिवस जाणार होता. दुसरी सोपी: एक फोल्डर ठरवायचा, त्यात असेल ते आपोआप वर दिसणार. मला घाई होती. मी सोपी निवडली.

"म्हणजे कार्बन प्रत निघते म्हण की," आत्या म्हणाली.

"अगदी तसंच," मी चपला घालता घालता म्हणालो.

तसं मुळीच नव्हतं. मूळ कागद फाडला तरी कार्बनवरची प्रत राहते. इथे खालचं पुसलं की वरचंही पुसलं जाणार होतं. हे मला माहीत होतं, आणि सांगायचं मात्र मी विसरलो.

काही महिन्यांनी कॉम्प्युटर 'जागा नाही' म्हणू लागला. आत्याने सर्वांत मोठ्या फायली शोधल्या. त्या आवाजाच्याच निघाल्या. वर आहेतच, म्हणून तिने खालच्या काढून टाकल्या. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. टोपली भरलेली ठेवून ती कचेरीतून कधी घरी गेली नव्हती.

मग एक दिवस तिचा फोन आला. "धीर झाला रे. वरून काढून दे."

मी उघडलं. काही नव्हतं. वरची टोपली तीस दिवस राखतात, आणि फायली पुसून तर तीन महिने होऊन गेले होते. दुरुस्तीवाल्याने डिस्क आठवडाभर ठेवून घेतली आणि मान हलवत परत दिली.  आत्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी अर्धा दिवस नव्हे, अख्खा दिवस घालवला. पुसलेलंही राखणारी ती पहिली सोय लावली, शिवाय एक वेगळी डिस्क आमच्या घरी ठेवायची ठरवली. चोर गेल्यावर कुलूप, पण लावलं. "आता काय काय ठेवायचं?" मी विचारलं.

तिने कपाटातून निळी फाइल काढली. "त्यांचं बोलणं तेव्हाच टाइप करून ठेवलं होतं. पण हे कागद रे, आवाज नव्हे."

मी एकेक पान स्कॅन करायला लागलो आणि माझा हात थांबला. सांगणाऱ्याच्या तोंडून निघेल ते सगळं उतरवायचं आणि आपलं काही घालायचं नाही, हा टायपिस्टचा नेम. आत्याने तो इथेही पाळला होता. स्प्रिंगांच्या मधेच 'पाणी दे गं. हं. तर, तो खटका' असं होतं. एका ठिकाणी 'कोण आलं? दूधवाला का?'

"नुसते फोटो काय काढतोस? वाच की मोठ्याने," आत्या खुर्चीत डोळे मिटून म्हणाली.

मी वाचत गेलो. अकराव्या पानावर आलो. "'रिबीन उलटी घातली तर अक्षर उमटतं, पण फिकं. अगं, दमलीस का? थांबू का मी?'"

त्याखाली ओळ मोकळी होती. तिने स्वतःचं उत्तर टाइप केलं नव्हतं. पुढचा मजकूर कुठे सुरू होतो ते मी बोटाने शोधत होतो.

"नाही हो," आत्या म्हणाली. "सांगा तुम्ही."